यंत्राने विचारावे की सांगावे?

घरात नवा माणूस कामाला ठेवताना त्याचे नाव-गाव विचारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु संगणकाच्या पोटात रोज किती अनोळखी कामकरी शिरतात आणि त्यांना आत कोणी घेतले, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ह्या कामकऱ्यांना फर्मवेअर म्हणतात. त्यांना आत घेण्यापूर्वी संगणकाने मालकाची परवानगी मागावी की नाही, असा एक वाद जगातील संगणकतज्ज्ञांत गेली वीसहून अधिक वर्षे चालत आला आहे. वरवर पाहता वाद फार बारीक, जाणत्यांनी आपसांत घालावा असा. वस्तुतः त्याची झळ जाणत्यांना लागत नाही. ती लागते दूरच्या गावी एकट्याने यंत्र दुरुस्त करीत बसलेल्या माणसाला.

आदिलाबादसारख्या जिल्ह्याचा ह्या वादाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि अलीकडे तो अधिक जवळचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या आपल्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर मागते. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेली, एरवी धडधाकट असलेली पुष्कळ यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. असे यंत्र भंगारात घालावयाचे नसेल, तर त्याच्यावर लिनक्सवर आधारलेली एखादी मुक्त प्रणाली बसविणे हा सरळ आणि बिनखर्चाचा उपाय आहे. शाळेच्या खोलीत धूळ खात पडलेले चार संगणक ज्याच्या हवाली झाले आहेत, अशा शिक्षकाला हा उपाय सुचल्यावाचून राहत नाही.

असा एक शिक्षक कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची एखादी शाळा. वर्गात तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. शिक्षकाने कोणाकडून तरी डेबियन ह्या प्रसिद्ध मुक्त प्रणालीची, २०२३ पूर्वीची, प्रत पेनड्राइव्हवर मिळविली आहे. यंत्र सुरू होते, भाषा विचारते, वेळ विचारते, आणि मग मध्येच थांबते. पडद्यावर मजकूर येतो तो अशा अर्थाचा : तुमच्या काही साधनांना चालण्यासाठी मुक्त नसलेले फर्मवेअर लागते, त्या फाइली जवळ असतील तर पेनड्राइव्हवरून द्या. खाली फाइलीचे नाव असते, अक्षरे आणि आकडे ह्यांची एक लांबलचक माळ. शिक्षकाजवळ ती फाइल नाही. ती इंटरनेटवर आहे. इंटरनेट वाय-फायवरून येते. आणि वाय-फायचे कार्ड त्या फाइलीवाचून हलत नाही! चावी पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही गत. पुष्कळदा मोबाइल फोन केबलने जोडून त्याचे नेट संगणकाला देता येते आणि वेळ निभावते. परंतु ही युक्ती ज्याला ठाऊक आहे त्याला मुळात मदतीची गरज कमीच असते.

हे फर्मवेअर म्हणजे नेमके काय, ते आता पाहिले पाहिजे. संगणक हे एक यंत्र आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते लहान लहान यंत्रांचे एक एकत्र कुटुंब आहे. वाय-फायच्या कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, स्वतःची थोडी स्मृती असते. चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स चिपवरही असतो, आवाजाच्या चिपवरही असतो. ह्या छोट्या प्रोसेसरांना काय करावयाचे हे सांगणारा जो कार्यक्रम, ते फर्मवेअर. पूर्वी तो कारखान्यातच एका कायमच्या चिपवर कोरून साधनाबरोबर येत असे. पुढे उत्पादकांच्या ध्यानात आले, की दर कार्डामागे ही एक चिप वाचविली तर लक्षावधी कार्डांमागे केवढी बचत होते. शिवाय चूक निघाली तर कार्ड परत मागवावे लागत नाही, नवी फाइल दिली म्हणजे झाले. तेव्हापासून पुष्कळ साधने रिकाम्या डोक्याने जागी होतात. वीज आली, की मुख्य प्रणालीने त्यांच्या हाती फाइल द्यावयाची. ती पोटात गेली की साधन कामाला लागते. वीज गेली, की सगळे विसरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाठ.

फाइल द्यावयाची ह्यात वस्तुतः वाद होण्याजोगे काही नव्हते. वाद आहे तो त्या फाइलीच्या जातीवर. बहुतेक उत्पादक ती फाइल केवळ यंत्राला कळेल अशा रूपात देतात. तिचा मूळ, माणसाला वाचता येईल असा मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो देत नाहीत. इंटेल कंपनीच्या वायरलेस कार्डांच्या फर्मवेअरचा परवानाच पाहावा : फाइल जशीच्या तशी वाटावयास मुभा आहे, परंतु तिची फोड करून आत काय आहे हे पाहण्यास मनाई आहे. उत्पादक ह्याला एक कारण पुढे करतात, आणि ते अगदीच पोकळ नाही. वाय-फाय म्हणजे अखेर रेडिओच. कोणत्या लहरीवर, किती शक्तीने प्रक्षेपण करावे ह्याला देशोदेशींच्या सरकारांचे नियम आहेत. सोर्स कोड हाती दिला तर लोक ते नियम मोडतील, अशी भीती ते दाखवितात. व्यापारातील गुपिते राखण्याची इच्छा ह्या भीतीच्या पाठीमागे किती दडलेली आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा जन्मच अशा एका बंद पेटीपाशी झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो मुकाट्याने थांबे, आणि लोक दुसऱ्या खोलीत ताटकळत बसत. तेथील तरुण प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन ह्यांना त्या प्रिंटरच्या कार्यक्रमात एवढीच दुरुस्ती करावयाची होती, की कागद अडकताच सर्वांना तसा निरोप जावा. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत त्यांनी ते केलेही होते. ह्या वेळी सोर्स कोड मिळाला नाही. १९८३ साली त्यांनी संपूर्ण मुक्त अशी प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. येथे मुक्त म्हणजे फुकट नव्हे. वाचता यावे, बदलता यावे आणि शेजाऱ्याला देता यावे, असा त्या शब्दाचा अर्थ.

डेबियन हे त्याच परंपरेतले. १९९३ साली इयान मर्डॉक ह्यांनी ते सुरू केले. १९९७ साली त्या मंडळींनी स्वतःसाठी एक सामाजिक करारनामा लिहून काढला, आणि आपली प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील असे वचन त्यात दिले. वचन देणे सोपे, पाळणे कठीण. लिनक्सच्या गाभ्यात कितीतरी बंदिस्त फर्मवेअर पूर्वीपासून मिसळलेले होते. ह्या वचनाचे काय करावे ह्यावर २००४, २००६ आणि २००८ साली मतदाने झाली, आणि दर वेळी ‘ही आवृत्ती निघून जाऊ द्या, पुढच्या खेपेस पाहू’ अशा धर्तीचा मार्ग निघाला. अखेर २०११ च्या फेब्रुवारीत निघालेल्या सहाव्या आवृत्तीत गाभा निवडून काढून स्वच्छ करण्यात आला. बंदिस्त फाइली बाजूच्या कोठारात ठेवल्या गेल्या, आणि प्रणाली बसविणारा कार्यक्रम, म्हणजे इन्स्टॉलर, त्या फाइलींसाठी प्रश्न विचारू लागला. आपल्या कल्पनेतील शिक्षक ज्या पडद्यापाशी अडला, तो पडदा असा तत्त्वनिष्ठेतून जन्मास आलेला आहे, हे विसरता कामा नये.

ह्या निष्ठेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. फर्मवेअर ज्या जागी बसते, ती जागा मोठ्या मोक्याची असते. बाहेरून येणारा प्रत्येक शब्द वाय-फायच्या कार्डातून आत येतो. २०१७ साली ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपांच्या फर्मवेअरमध्ये एक भयंकर खोट सापडली. ‘ब्रॉडपॉन’ ह्या नावाने ती ओळखली जाते. फोनच्या मालकाने काही उघडले नाही, काही दाबले नाही, तरी केवळ जवळपास असलेल्या हल्लेखोराला त्या चिपचा ताबा घेता येत होता. अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोहोंना तिचा संसर्ग होता. ही खोट शोधणाऱ्याला सोर्स कोड उपलब्ध नव्हता. बंद डब्याला कान लावूनच त्याला काम करावे लागले. अर्थात, कार्यक्रम उघडा असला म्हणजे निर्दोष असतो असे मुळीच नाही. परंतु उघड्या कार्यक्रमात दोष दिसला तर तो कोणालाही दुरुस्त करता येतो. बंदिस्त कार्यक्रमात उत्पादकाची वाट पाहत बसावे लागते, आणि उत्पादकाला जुन्या कार्डाचे प्रेम थोडेच असते! तेव्हा, अशी वस्तू आत घेण्यापूर्वी घरधन्याला विचारा, असे जे म्हणतात ते काही वेडगळ नाहीत.

आता दुसरी बाजू. प्रथम एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. जे फर्मवेअर कारखान्यातच चिपवर कोरलेले असते, त्याविषयी कोणताही इन्स्टॉलर प्रश्न विचारीत नाही. तेच बंदिस्त, तसेच अपारदर्शक. पण ते पेटीबरोबर आले म्हणून ते साधनाचाच भाग, आणि फाइल होऊन आले म्हणून परका सॉफ्टवेअर, असा भेद केला जातो. तत्त्वज्ञांना त्यात अर्थ दिसत असेल. कार्डाच्या मालकाच्या स्वातंत्र्यात त्याने तसूभर फरक पडत नाही. उलट, फाइल होऊन आलेले फर्मवेअर निदान बदलता तरी येते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २०१८ च्या जानेवारीत ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ ह्या नावांचे दोष जाहीर झाले आणि मुख्य प्रोसेसरच संशयास्पद ठरले. त्यांतील काहींवरचा इलाज मायक्रोकोड म्हणून जो प्रोसेसरच्या पोटातील कार्यक्रम असतो, त्याच्या नव्या प्रतीतून यावयाचा होता. डेबियनमध्ये हा मायक्रोकोड बंदिस्त म्हणून बाजूच्या कोठारात होता. ज्याने ते कोठार मुद्दाम उघडले नव्हते, त्याला प्रणालीच्या नेहमीच्या वाटेने हे औषध मिळत नव्हते. त्याच्या प्रोसेसरमध्ये जुना, सदोष आणि तितकाच बंदिस्त मायक्रोकोड पूर्वीपासून होताच. म्हणजे शुद्धतेसाठी त्याने नकार दिला तो केवळ दुरुस्तीला. रोग घरातच राहिला.

आणि तिसरी गोष्ट अशी, की तिच्यापुढे सगळा युक्तिवाद क्षणभर थबकतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये अंध व्यक्तींसाठी उत्तम सोय आहे. यंत्र सुरू झाल्यावर ‘एस’ ही कळ दाबून एंटर दाबले, की पडद्यावरील मजकूर यंत्र वाचून दाखवू लागते. परंतु अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत आवाजाची चिपच फर्मवेअरवाचून मुकी असते. फर्मवेअर घेऊ का, असे यंत्राने विचारावे म्हटले, तर ते विचारण्याचा आवाज त्याच फर्मवेअरमधून यावयाचा! अंध माणसापुढे यंत्र नुसते गप्प बसून राही. त्याला प्रश्न विचारला गेला, हेच त्याला कळत नसे. येथे आणखी एक गंमत आहे. आवाजाच्या चिपांसाठी इंटेलने पुढाकार घेऊन ‘साउंड ओपन फर्मवेअर’ नावाचा प्रकल्प काढला आणि त्याचा सोर्स कोड खुला केला. परंतु पुष्कळ लॅपटॉप इंटेलची सही असलेलीच प्रत स्वीकारतात. मजकूर वाचता येतो, बदलता येतो. बदललेला मात्र आपल्याच यंत्रावर चालविता येत नाही.

परवानगी मागण्याच्या ह्या प्रश्नाला आदिलाबादच्या इतिहासात एक फार जुना धागा आहे. निझामाच्या राजवटीत ह्या भागातील गोंड आणि कोलाम शेतकऱ्यांच्या जमिनी बाहेरून आलेल्या सावकारांच्या व जमीनदारांच्या नावे कशा होत गेल्या, ह्याचा अभ्यास १९४० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी केला. त्यांच्या प्रेरणेने तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतु माधवराव पगडी हेही ह्या भागात सरकारी अधिकारी होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी ह्या भाषा आत्मसात करून त्यांच्यावर ग्रंथ लिहिले. कचेरीची भाषा ज्याला येत नाही त्याला कचेरीत न्याय मिळत नाही, हे ह्या मंडळींनी जाणले होते. न वाचता येणाऱ्या कागदावर उठविलेला अंगठा कायद्याच्या दृष्टीने संमती असेल, परंतु ती देणाऱ्याला आपण काय दिले हे ठाऊक नसते. आणि घेणाऱ्याच्या हाती मात्र ‘मी विचारले होते’ असा कायमचा पुरावा येतो.

इन्स्टॉलरचा प्रश्न ह्या अंगठ्याहून किती वेगळा आहे? लांबलचक नावाची एक फाइल. ती कोणी केली, तिने काय होईल, ती नाकारली तर काय बंद पडेल, ह्यांपैकी काहीच न सांगता ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारावयाचे. जाणता माणूस सहज उत्तर देईल. बाकीचे यंत्र चालावे म्हणून ‘होय’ म्हणतील, किंवा घाबरून काम सोडून देतील. अशा प्रश्नाने विचारणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी शांत होते. विचारल्या गेलेल्याचे स्वातंत्र्य वाढत नाही. ह्यात भाषेचीही अडचण आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरचे मराठी आणि तेलुगू अनुवाद स्वयंसेवकांनी केलेले आहेत, ही मोठी गोष्ट होय. पण साध्या अक्षरी पडद्याला भारतीय लिप्या नीट मांडता येत नाहीत, म्हणून ह्या भाषा फक्त चित्ररूप इन्स्टॉलरमध्ये मिळतात. गोंडीचा तर भाषांच्या यादीत पत्ताच नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांत सापडलेली गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत समाविष्ट झाली, आणि तिच्यासाठी ‘नोटो’ मालेतील मुक्त परवान्याचा टंकही उपलब्ध आहे. अक्षरे संगणकात पोहोचली. त्या अक्षरांत प्रश्न विचारणारे यंत्र अजून यावयाचे आहे.

डेबियनच्या मंडळींपुढे हा गुंता २०२२ साली पुन्हा आला. इन्स्टॉलरच्या कामात अनेक वर्षे खपलेले स्टीव्ह मॅकइंटायर ह्यांनी त्या वसंतात एक दीर्घ टिपण लिहून परिस्थिती मांडली, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात मतदान सुरू झाले. एकंदर सहा पर्याय पुढे होते. दोन इन्स्टॉलर ठेवावेत, एक शुद्ध आणि एक फर्मवेअरसह, असा एक पर्याय होता. तो वरवर फार न्याय्य वाटतो. परंतु फर्मवेअरसहित इन्स्टॉलर ह्यापूर्वीही होताच. तो अनधिकृत म्हणून आडबाजूला ठेवलेला होता आणि नवखा माणूस हटकून दुसराच उतरवून घेई. अखेर बहुमताने करारनामाच दुरुस्त करण्यात आला. इन्स्टॉलर एकच राहील. त्यात फर्मवेअर असेल. ज्या साधनाला ते लागते असे यंत्राला दिसेल त्यालाच ते न विचारता दिले जाईल. काय काय दिले ते वापरणाऱ्याला सांगितले जाईल आणि त्याची नोंद नव्या प्रणालीत राखून ठेवली जाईल. आणि ज्याला ते नकोच असेल त्याला सुरुवातीसच नाकारण्याची वाट असेल. १० जून २०२३ रोजी आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ही व्यवस्था अमलात आली. बंदिस्त फर्मवेअरला स्वतःचे वेगळे कोठार मिळाले, ही तीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पूर्वी फर्मवेअर हवे म्हणून कोठार उघडले, की इतर सगळे बंदिस्त सॉफ्टवेअरही दाराशी येऊन उभे राही. आता तसे होत नाही.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हा मार्ग मान्य नाही; ते आपल्या मान्यताप्राप्त यादीत डेबियनला पूर्वीही घेत नव्हते आणि आजही घेत नाहीत. ट्रिस्क्वेल, पॅराबोला अशा मोजक्या प्रणाली त्या यादीत आहेत, आणि त्या बंदिस्त फर्मवेअर मुळातच देत नाहीत. फेडोरा पूर्वीपासून फर्मवेअरला अपवाद करून ते बरोबर देते. ओपनबीएसडी ही आपल्या बाण्याबद्दल प्रसिद्ध असलेली प्रणालीसुद्धा, जे स्वतः वाटण्याचा परवाना नाही असे फर्मवेअर पहिल्या सुरुवातीच्या वेळी नेटवरून आपोआप उतरवून घेते.

डेबियनचा निर्णय एकंदरीत बरोबर दिशेचा आहे. विचारण्यापेक्षा सांगणे बरे, परंतु ते खरोखर सांगितले गेले पाहिजे. येथे मात्र आजची व्यवस्था उणी पडते. नकाराची वाट आहे, पण ती यंत्र सुरू होताना एक विशिष्ट सूचना टंकण्याची. ती सूचना मार्गदर्शिकेत शोधावी लागते. नोंद राहते, पण ती अशा फाइलीत राहते की तिचे अस्तित्व जाणत्यालाच माहीत. ‘ह्या यंत्रातील वाय-फायचे कार्ड अमुक कंपनीच्या बंद कार्यक्रमावर चालते, तो कोणालाही तपासता येत नाही’ एवढी दोन वाक्ये काम संपताना मराठीत किंवा तेलुगूत पडद्यावर येण्यास तांत्रिक अडचण कसलीही नाही. ती आली असती, तर उटनूरच्या रस्त्यावरील शाळेत तो दुपारचा एक चांगला पाठ झाला असता.

परंतु प्रश्न विचारण्याची जी खरी वेळ असते, ती इन्स्टॉलर सुरू होण्याच्या फार आधी येऊन गेलेली असते. कार्ड यंत्रात बसून चुकले, पैसे देऊन झाले. मग परवानगी मागण्यात अर्थ तो काय उरला? हा प्रश्न दुकानात विचारावयाचा आहे, आणि शाळेसाठी शेकड्यांनी यंत्रे विकत घेणाऱ्या सरकारी कचेरीने तर तो निविदेतच लिहावयाचा आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांतील प्रणाली डेबियनवरच उभी आहे. परंतु प्रणाली मुक्त आणि यंत्रातील कार्डे बंदिस्त, असा अर्धामुर्धा संसार किती दिवस चालावयाचा? एका ग्राहकाने विचारले तर उत्पादक हसतो. एका राज्याने विचारले तर त्याला कागद पुढे ओढावा लागतो.

आणि उत्तर मिळू शकते, ह्याचा दाखलाही आहे. अथेरॉस कंपनीच्या ‘एटीएच-नऊ-के’ ह्या मालिकेतील जुन्या वाय-फाय कार्डांना फर्मवेअरची फाइल लागतच नाही. त्याच घराण्यातील यूएसबीवर चालणाऱ्या चिपांना ती लागते. परंतु २०१३ साली तिचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आला, आणि आज ती डेबियनच्या मुख्य, पूर्णपणे मुक्त कोठारातून मिळते. लोकांनी मागणी लावून धरली आणि कंपनीच्या आतील काही अभियंत्यांनी ती मनावर घेतली, म्हणून हे घडले. रेडिओचे नियम आड आले नाहीत. ह्या चिपांवरील बोटभर लांबीची साधने अजून बाजारात मिळतात. वेग आजच्या मानाने बेताचा आहे, पण शाळेतील चार संगणकांना पुरेल एवढा आहे. असे एक साधन यंत्राला लावून इन्स्टॉलर सुरू केला, तर निदान वाय-फायपुरते तरी न विचारता आत घेण्यासारखे काही उरत नाही.